हर्षल, तू बाजूने होतास की विरोधात?

हर्षल, आत्ताच्या आत्ता सांगायचंय. घरी जाऊ, हातपाय धुऊ, मग शांतपणे लिहू असं केलं ना तर मी लिहिणारच नाही, मला माझं माहितीये. चोपडा-जळगाव गाडीत बसलीये. काच एवढी खडखडतेय की स्वतःचं डोकं स्वतःला ऐकू येत नाहीये. मोबाईलवर टाइप करतेय, चुका होतील, राहू दे. आज तुझी गंधमुक्ती होती, दिवसांचा शेवटचा विधी. तुझ्या गावातून येतेय मी. तिथं माझ्या हातात माइक दिला भो, आणि मी जे बोलले ते तुला सांगितल्याशिवाय मला दुसऱ्या कुणाशी बोलताच येणार नाहीये. आपल्या वादविवादवाल्यांच्या पेजवर टाकतेय, कारण तुला ओळखणारे सगळे इथंच आहेत. पण बोलतेय तुझ्याशीच. बाकीच्यांनी बाजूला बसून ऐका.

आणि ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगून टाकते. वादविवाद स्पर्धेला एका कॉलेजचे दोघं जातात. एक विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. दोघांचे मार्क एकत्र होतात आणि करंडक मिळाला तर दोघांना मिळून मिळतो. म्हणजे स्टेजवर समोरासमोर आणि बसमध्ये शेजारी शेजारी. हर्षल बाजूने बोलायचा, मी विरोधात. दोन वर्षं. त्याला म्हणतात जोडीदार. मी हा शब्द माझ्या आत्यासमोर बोलले होते तेव्हा तिचा चहा कपातच राहिला. तुला सांगितलं तर तू कॉलेजच्या गेटवर गुडघ्यावर हात ठेवून हसत होतास. "सांग तिला, आमचं पटत नाही म्हणूनच जमतं."

निवडीच्या दिवशी पहिल्यांदा बोललास तेच मुळात "काय भो, तू विरोधात का?" असं. मी म्हटलं, भो म्हणजे भाऊ, मुलीला भो म्हणतात का? तू म्हणालास, "स्टेजवर सगळे भोच." मला राग आला होता. नंतर कुणी ताई किंवा मॅडम म्हटलं की उगाच परकं वाटायला लागलं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

त्या दोन वर्षांत आयोजकांना दुसरा विषयच सुचत नव्हता. जळगावला तेच, अमळनेरला तेच, शिरपूरला तेच. परदेशात सैन्य पाठवल्याने दहशतवादाचा धोका कमी होतो. शब्द थोडे इकडेतिकडे, बाकी तेच. तुझी सुरुवात आख्ख्या खान्देशातल्या वादविवादवाल्यांना पाठ झाली होती. तू माइकपासून एक पाऊल मागे सरकायचास, तुला माइक लागायचाच नाही, आणि म्हणायचास, "आपल्या वावरात साप निघाला तर आपण मारतो. पण बीळ शेजाऱ्याच्या वावरात असलं तर? रोज रात्री तो तिकडून यायचा, आपल्या पोराला चावायचा, आणि आपण बांधावर उभं राहून शेजाऱ्याला विचारत बसायचं, भाऊ, आत येऊ का?" झालं. टाळ्या. मग तू अड्डे, प्रशिक्षण, पैसा, शस्त्रं, ज्या सरकारला आपल्याच जमिनीवरचे अतिरेकी दिसत नाहीत त्या सरकारची जबाबदारी, सगळं एकामागे एक लावायचास. आणि ते नुसतं ओरडणं नसायचं, हे मी विरोधातली असून सांगते. जिथं अड्डे शिल्लक राहिले तिथून पुन्हा माणसं आली, हे खरंच आहे. मला त्याचं उत्तर देता यायचं नाही आणि मी देतही नव्हते, कारण आपला नियम होता.

नियम असा की जोडीदाराचा मुद्दा स्टेजवर खोडायचा नाही. दुसऱ्या कॉलेजच्या बाजूवाल्याला मी फाडायचं, दुसऱ्या कॉलेजच्या विरोधवाल्याला तू. आपसात नाही. मार्क दोघांचे एकच, मग आपल्याच बैलाला कोण मारतं, असं तू म्हणायचास. त्यामुळे झालं काय, की आख्ख्या जिल्ह्यासमोर आपण त्याच विषयावर बोललो आणि एकमेकांना एकदाही उत्तर दिलं नाही. उत्तरं सगळी बसमध्ये.

आठवतंय ना, गेल्या वर्षी धुळ्याहून येताना पारोळ्याला गाडी थांबली होती? मी म्हटलं, "शेजाऱ्याचं वावर पेटवलंस तर साप मरत नाही, तुझ्या वावरात येतो." तू म्हणालास, "पेटवायचं कशाला? बिळापुरतं खणायचं." "आणि खणताना शेजाऱ्याचं पोरगं मेलं तर?" "चुकून मेलं तर..." "चुकून मेलेल्याचा भाऊ चुकून गप्प बसेल का?" तू भेळेच्या कागदाची पुंगळी करत बसलास. मग एकदम, "आणि खणलंच नाही तर माझं पोरगं मरतं त्याचं काय? त्याला भाऊ नाही का?" मागून कंडक्टर आले, "काय भांडताय रे पोरांनो, उतरवून देऊ का दोघांना?" तू म्हणालास, "काका, आम्ही अफगाणिस्तानवर बोलतोय." ते म्हणाले, "मग तिकडंच उतरा. आधी तिकीट दाखवा." आख्खी गाडी हसली. तू सगळ्यात जास्त.

अरे किती वेळा झालं असं. मी म्हणायचे, एवढी मोठी महासत्ता वीस वर्षं तिथं बसली, आणि ज्यांना हाकललं तेच पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. तू म्हणायचास, वीस वर्षं त्यांच्या घरी मोठा हल्ला झाला नाही ते नाही मोजणार तू? मी म्हणायचे, त्यांच्या घरी नाही झाला, तिथल्या लोकांच्या घरी रोज झाला. तू म्हणायचास, विषयात कुणाच्या घरचा धोका ते लिहिलेलं नाही. आणि मग मी म्हणायचे, आपणच श्रीलंकेत शांतिसेना पाठवली होती की, कशासाठी गेलो आणि कुणाशी लढून आलो? तिथं तू नेहमी म्हणायचास, "हा तुझा मुद्दा भारी आहे, पण मी तो मान्य केला तर माझं भाषण संपतं." असा होतास. मान्य पण करायचास आणि हरायचा पण नाहीस.

तुझ्यामुळे मी थांबायला शिकले. म्हणजे बोलताना. मी आत्ता टाइप करतेय तशीच बोलायचे, धडाधड. तू मागच्या रांगेत बसून हात वर करायचास, की मी गप्प व्हायचं, एक श्वास, मग पुढचं वाक्य. परीक्षक नंतर लिहायचे, विरामांचा उत्तम वापर. तो तुझा हात होता रे. थँक्यू म्हटलंय का मी कधी? नाही वाटतं.

आता तो दिवस. सायकल स्टँडच्या मागे, तू काकूंनी, तुझ्या आईने, दिलेली कळण्याची भाकरी काढलीस, मिरचीचा ठेचा काढलास, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणालास, "धुळ्याच्या फायनलला बाजू बदलू."

मला वाटलं चेष्टा करतोय.

"तू बाजूने बोल, मी विरोधात."

"का? फायनलला कोण असं करतं? तुझं साप आणि बीळ सगळ्यांना आवडतं."

"म्हणूनच. मला आता त्या टाळ्यांचा कंटाळा आलाय भो." मग तू हसत हसत म्हणालास, आणि ते हसणं मला आवडलं नव्हतं, "हे बघ. तू सैन्यभरतीला जाणार नाहीस. मी जाणार. पाठवायचं म्हटलं तर मला पाठवतील. मग ज्याला जायचंय त्याने विचारलं पाहिजे की नाही, कुठं पाठवताय आणि कशाला? आणि ज्याला जायचं नाही त्याने एकदा बाजूने बोलून बघावं, कसं मस्त वाटतं ते."

मी चिडले. म्हटलं, म्हणजे मी सोफ्यावर बसून बोलते का? तू म्हणालास, "तू नाही. तू तर विरोधात बोलतेस. पण मी बाजूने बोलतो तेव्हा समोर जे टाळ्या वाजवतात ना, त्यांच्यातलं कुणी आमच्यासोबत सकाळी पळायला येत नाही."

मग बाजू बदलल्या. आणि खरं सांगते, बाजूने बोलणं सोपं गेलं मला. भीती वाटली इतकं सोपं. वर्गातल्या पोरींसमोर सराव केला तर त्या बाकं वाजवायला लागल्या. आणि तू विरोधात उभा राहिलास तर तुझा आवाजच बदलला. छोटा झाला. तुला माइक लागायला लागला.

सगळ्यात आधी तू केळीचा मुद्दा आणलास. तिकडे आखातात बॉम्ब पडले, बंदरात कंटेनर अडकले, बाहेर जाणारी केळी इथल्या बाजारात आली, भाव बसला, व्यापाऱ्याने कटाई थांबवली आणि तुझे वडील, नाना, जे केळी भरणाऱ्या टोळीचे मुकादम, ते आख्खी टोळी घेऊन घरी बसले. "बॉम्ब कुठं, टोळी कुठं!" मी म्हटलं, हा मुद्दा बसत नाही रे, विषय दहशतवादाचा आहे, केळीच्या भावाचा नाही. तू मान हलवलीस. "हाव, बसत नाही. पण मला ते सांगायचंच आहे." मी म्हटलं, परीक्षक मार्क कापतील. "कापू दे."

आणि मग दुसरा. तो बसला. तो माझ्या छातीवरच बसला. तू म्हणालास, "परक्या देशाच्या बॉम्बने घरातलं माणूस गेलं की तिथंही लोक द्वारदर्शनाला, सांत्वनाला येत असतील ना? आपल्यासारखेच? सतरंजी टाकत असतील, बाप कोपऱ्यात बसत असेल. त्या गर्दीत एक जण असा येतो की तो बापाशी नाही बोलत. तो मेलेल्याच्या भावाशेजारी बसतो आणि हळूच बोलतो. ज्यांनी बॉम्ब टाकला ते कधीच निघून गेलेले असतात. हा मात्र रोज येतो. अतिरेकी छावणीत तयार होतो असं मी दोन वर्षं म्हणत आलो. छावणीत तो फक्त बंदूक शिकतो. तयार सतरंजीवर होतो."

मी हातातला तुकडा डब्यात परत ठेवला. तू विचारलंस, "काय झालं, खोड ना." मी म्हटलं, "आधी सांग, तुला स्वतःला काय वाटतं? खरं. स्पर्धा सोड." तू डबा बंद केलास. "धुळ्याहून परत येताना सांगतो. आत्ता सांगितलं तर तू भाषणात माझ्यावर दया करशील."

धुळ्याची फायनल यायच्या आधीच तू गेलास.

ते कसं झालं ते मी फार लिहिणार नाही. गावाला मैदान नाही, म्हणून भरतीची पोरं बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर पळतात. अंधारात. सोळाशे मीटरच्या धावण्यात भरती थोडक्यात हुकली होती तुझी, यावेळी काढायचीच होती. गाडीने मागून उडवलं आणि गाडी थांबली नाही. अजून सापडलेली नाही. कुणी म्हणतं पिकअप, कुणी म्हणतं ट्रक. मला फोन आला तेव्हा मी बाजूच्या भाषणाचा शेवट लिहीत होते, देशाच्या सुरक्षेबद्दल. देशाची सुरक्षा, कळलं का? आपण दोघांनी जगभरच्या मेलेल्यांचा हिशोब मांडला. कुठला देश, कुठली सेना, किती वर्षं. आणि सैन्यात जायचं म्हणून पांढऱ्या पट्टीच्या कडेने पळणाऱ्या पोरांसाठी कुणी स्पर्धा ठेवत नाही. ठेवली तर बाजूने कोण आणि विरोधात कोण बोलणार?

कॉलेजात सरांनी विचारलं, दुसरा जोडीदार देऊ का. मी नाही म्हटलं. आपलं नाव काढलं यादीतून.

आज तुझ्या गावात उतरले तर चौकात तुझा फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. आणि तुला मिलिटरीचा ड्रेस घातलाय, हर्षल. चेहरा तुझा, कॉलेजच्या आयकार्डवरचा, आणि मानेखालचं सगळं दुसऱ्याच कुणाचं. खांदे केवढे रुंद! छातीवर पदकं. तू पाहिलं असतंस तर म्हणाला असतास, भो, मला आधीच असे खांदे दिले असते तर कशाला पळायला लागलं असतं. मला तिथं रस्त्यावर हसू आलं आणि मी लगेच तोंडावर ओढणी धरली. खाली शुभेच्छुकांचे असतात तसे फोटो, त्यात एक पुढारी दादा सगळ्यात मोठे. तुझ्याहून थोडेच लहान.

विधी उरकल्यावर सगळे मांडवात बसले. नाना पुढे, टोपी मांडीवर ठेवून. काकू आतल्या खोलीत बायकांमध्ये. श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली आणि कुणीतरी पेन ड्राइव्ह लावला. स्पीकरमधून तूच आलास. "आपल्या वावरात साप निघाला तर आपण मारतो." जळगावच्या स्पर्धेतला व्हिडिओ. तुझा आवाज त्या मांडवात असा घुमला की काकू आतून बाहेर धावत आल्या. खरंच धावत आल्या. दारात येऊन थांबल्या, स्पीकरकडे बघितलं आणि चौकटीला धरून खाली बसल्या. तरी कुणी बंद केलं नाही.

ते संपल्यावर फ्लेक्सवाले दादा उठले. म्हणाले, हर्षलच्या मनात काय होतं ते तुम्ही ऐकलं. त्याला घुसून मारायचं होतं. त्याचं ते स्वप्न आता गावातल्या प्रत्येक पोराने पूर्ण करायचं. तिथपर्यंत ठीक होतं. मग ते पुढे सरकले, माइक घेऊनच, आणि तुझ्या पळणाऱ्या पोरांच्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले. आवाज खाली आणला. म्हणाले, शत्रू फक्त सीमेपलीकडे असतो असं समजू नका, इकडे तिकडे बघा, शेजारच्या गल्लीत बघा. पोरांच्या मुठी वळल्या. तुला उडवणारी गाडी सापडलेली नाही, हर्षल, तिचा नंबर कुणाला माहीत नाही, चालवणारा कोण होता कुणाला माहीत नाही, आणि त्या पोरांना राग कुणावर तरी काढायचाच होता. तो माणूस सतरंजीवर त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांना जागा दाखवत होता. नानांशी तो एक शब्द बोलला नाही. हे सगळं मी आधी ऐकलं होतं. सायकल स्टँडमागे. तुझ्या तोंडून.

तेव्हाच नानांनी वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "पोरी, तू बोल. तुले माहीत शे, तो कसा बोले."

माइक हातात आला. आणि पहिल्यांदा काय आठवावं? नियम. जोडीदाराचा मुद्दा स्टेजवर खोडायचा नाही. आत्ताच तर तू बोललास स्पीकरवरून, बाजूने. मी काय बोलणार?

मी म्हटलं, "मी हर्षलची वादविवादातली जोडीदार. तुम्ही ऐकलं ते त्याचंच भाषण. मनापासून केलेलं. पण धुळ्याच्या फायनलला तो विरोधात बोलणार होता. ते भाषण तुम्ही ऐकलेलं नाही." आणि मग मी ते म्हणायला लागले, हर्षल. तुझं विरोधातलं. मला पाठ होतं, बसमध्ये खोडण्यासाठी म्हणून पाठ केलं होतं. केळीचं म्हटलं तर टोळीतले दोन-तीन जण मान हलवायला लागले. नाना ताठ झाले. मग सतरंजीचं आलं. द्वारदर्शनाला येणारा माणूस आला. बापाशी न बोलणारा. मेलेल्याच्या भावाशेजारी जाऊन हळूच बोलणारा. आणि मला कळेपर्यंत आख्खा मांडव दादांकडे बघत होता. ते अजून पोरांपाशीच उभे होते.

मी थांबले. एक श्वास घेतला. पण पुढचं वाक्य आलंच नाही.

मागून कुणीतरी बोललं, "इथं राजकारण नको." दुसरा म्हणाला, "कोण हाई पोर? कोन्ही शे?" म्हणजे मी कुणाची कोण. दादा शांतपणे आले, माझ्या हातातून माइक घेतला, हसले पण जरा, आणि म्हणाले, "ताई भावनेच्या भरात आहेत, समजून घ्या. आपल्या हर्षलला असं काही म्हणायचं नव्हतं." आणि पेन ड्राइव्ह पुन्हा लागला. साप, वावर, बीळ. यावेळी पोरं उभी राहिली आणि घोषणा. मी खाली बसले. सतरंजीवर.

सांग ना मला. मी तुझा मुद्दा मांडला का तुझा मुद्दा खोडला? दोन्ही तुझेच होते. मी नसते बोलले तर तू कायमचा त्या फ्लेक्समधला झाला असतास. आणि बोलले तर त्यांनी तुझ्याच आवाजाने मला गप्प केलं. तुझ्याच आवाजाने, भो!

नाना मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथं केळीची पानं रचून ठेवली होती जेवणासाठी. मला वाटलं रागावतील. त्यांनी पानांचा एक गठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, "मंग तो फौजमा जाता नही का?"

मी म्हटलं, "जाणार होता नाना. नक्की जाणार होता. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं."

"मंग विरोधमा कसा बोले?"

काय सांगू त्यांना? दोन्ही खरं असू शकतं असं मी दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा माझ्या कानाला ते भाषणासारखं लागलं. आपण स्टेजवर जे म्हणतो ना, तसं. नाना काही परीक्षक नव्हते. त्यांना मार्क द्यायचे नव्हते. त्यांचं पोरगं कसं होतं एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं, आणि माझ्याजवळ तुझं आख्खं भाषण पाठ असून तेवढं एक नव्हतं. ते तू धुळ्याहून येताना सांगणार होतास.

काकू तेवढ्यात बाहेर आल्या, माझा हात धरला, म्हणाल्या, "जेवीसन जाय. भासन करीसन उना म्हंजे लई भूक लागे त्याले." भाषण करून आलेल्याला भूक लागते म्हणून त्यांनी मला तुझ्या जागी धरलं होतं बहुतेक. मी बसले आणि जेवले.

मग गाडीसाठी फाट्यावर आले तर मागून तुझा मित्र भूषण आला. तुझ्यासोबत रोज पळणारा. त्या सकाळीही सोबत तोच होता, हे मला माहीत होतं, म्हणून मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मघाशी घोषणा देणाऱ्यांत तोही होता. मला वाटलं भांडायला आलाय.

म्हणाला, "ताई, ते दुसरं भाषण तुम्ही म्हटलं ना, ते खरंय. मी ऐकलंय."

"कुठं?"

"रस्त्यावर. पळताना म्हणायचा तो. दोन्ही म्हणायचा. जाताना एक, येताना एक. दम वाढतो म्हणायचा."

मी त्याचं मनगटच धरलं. म्हटलं, "जाताना कोणतं? येताना कोणतं?"

तो रस्त्याकडे बघायला लागला. म्हणाला, "ते नाही माहीत ताई. मी पुढं असायचो, तो मागे. जवळ आला की एखादा तुकडा कळायचा, सतरंजीचा वगैरे, एरवी नुसता आवाज यायचा." मग जरा वेळाने, "त्या दिवशी आम्ही परत फिरलो होतो. येत होतो. आवाज येत होता त्याचा. आवाज बंद झाला म्हणून मी मागे वळून बघितलं."

गाडी आली. मी चढले. भूषण तिथंच उभा होता.

येताना. म्हणजे शेवटी तुझ्या तोंडात दोनातलं एक होतं, कोणतं ते नाही माहीत. बस, एवढंच कळलंय मला.

गाडी जळगावात शिरतेय. उतरायचंय मला. तुम्ही जे कुणी वाचताय, वादविवादवाले, नसलेले, कुणीही, एक सांगा मला. तुमचं झालंय का असं? ज्याच्याशी रोज भांडत होतात तो वाद अर्धा टाकून गेला, आणि त्याची बाजू आता तुम्हालाच बोलावी लागतेय, आणि बरोबर बोलतोय का हे ज्याला विचारायचं तोच नाही? झालं असेल तर खाली लिहा. तुम्ही मग काय बोललात तेही लिहा.